वैतरणेच्या उत्तरेचे किल्ले कोणी पोसले?

१. एवढे किल्ले, एवढे जवळ

पालघरला उतरून किनाऱ्याकडे निघालेल्या माणसाचे एका दिवसात चार किल्ले सहज पाहून होतात. केळव्याच्या सुरूच्या बनात वाळूने गिळलेला कोट आहे. खाडीच्या तोंडाशी, भरतीला चहूबाजूंनी पाण्यात उभा राहणारा, जहाजाच्या आकाराचा पाणकोट आहे. माहीमला गावाच्या वस्तीतच एक आटोपशीर किल्ला आहे आणि त्याच्या पुढे शिरगावचा, बुरूज अजून धड असलेला, आत फांद्या फुटलेला रावणमाड असलेला किल्ला. तिथून वर गेले की तारापूर, मग डहाणू. खाली वैतरणेच्या मुखाशी उत्तर काठावर दातिवरे आणि समोर पाण्यात अर्नाळा. हे सगळे पाहून परतणारा माणूस हमखास विचारतो: एवढ्याशा पट्ट्यात एवढे किल्ले कशाला?

‘शत्रूपासून संरक्षणासाठी’ हे उत्तर मिळते, पण त्याने समाधान होत नाही. यातले बरेच किल्ले इतके लहान आहेत की मोठे सैन्य आत मावणारच नाही. रायगड किंवा जंजिऱ्याशी त्यांची तुलनाच होत नाही. काही तर भक्कम भिंतीच्या वाड्याएवढेच आहेत. राज्य राखायला असे किल्ले कोणी बांधत नाही. मग ते कोणी बांधले, आणि त्यांचा रोजचा खर्च कोण करत होता?

हा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पोर्तुगिजांनी या किनाऱ्यावर दोनशे वर्षे राज्य कसे केले याचे उत्तर त्यातच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगालची सगळी लोकसंख्या दहा ते पंधरा लाखांच्या आसपास होती. त्यातले थोडेच लोक जहाजात बसून इकडे आले आणि जे आले ते मोझांबिकपासून मलाक्का-मकावपर्यंत पांगले. वसई ते दमण या पट्ट्यात प्रत्येक खाडीवर पगारी शिबंदी ठेवणे लिस्बनच्या राजाला परवडणारे नव्हते. तरीही प्रत्येक खाडीवर तोफ होती.

२. जहाजावरचा तह

सुरुवात गुजरातच्या सुलतानापासून करावी लागते. पोर्तुगीज येण्याआधी उत्तर कोकणचा हा किनारा अहमदाबादच्या सुलतानांच्या ताब्यात होता. वसई, आगाशी, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू ही गजबजलेली बंदरे होती. आगाशीला जहाजे बांधली जात. आतल्या डोंगरातला साग वैतरणेच्या पाण्याने खाली येई. भरतीच्या पाण्यावर मचवे थेट मनोरपर्यंत जात, म्हणजे समुद्रापासून तीस किलोमीटर आत. इमारती लाकूड, भात, मीठ, सुकी मासळी आणि वसईचा घडीव दगड हा इथला माल होता. पुढे गोव्याच्या चर्चना हाच वसईचा दगड गेला.

पोर्तुगिजांचा डोळा आधी वसईवर नव्हता, दीववर होता. काठेवाडच्या टोकाचे ते बेट हातात आले तर खंबायतच्या आखातातला सगळा व्यापार मुठीत येणार होता. १५३१ मध्ये त्यांचा दीववरचा मोठा हल्ला फसला. त्याचा सूड त्यांनी दुबळ्या जागी घेतला. पुढच्या दोन वर्षांत वसईपासून तारापूरपर्यंत किनाऱ्यावरची गावे आणि बंदरे जाळली गेली. १५३३ मध्ये गव्हर्नर नुनो दा कुन्या याने वसईची तटबंदी उद्ध्वस्त केली.

सुलतान बहादूरशहा तेव्हा दुहेरी पेचात होता. उत्तरेकडून हुमायून चालून येत होता आणि समुद्रावर पोर्तुगीज होते. दोघांशी एकाच वेळी लढणे शक्य नव्हते, म्हणून त्याने समुद्राकडची बाजू मिटवायचे ठरवले. २३ डिसेंबर १५३४ रोजी ‘सांव मातेउश’ या पोर्तुगीज जहाजावर तह झाला. वसई, तिच्याखालचा मुलूख आणि बेटे पोर्तुगालच्या राजाला मिळाली. त्या बेटांत साष्टी होती आणि मुंबईही होती. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी आधी वसईला येऊन परवाना घ्यावा, जकात भरावी आणि सुलतानाने आपल्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधू नयेत, अशा अटी होत्या. तिसरी अट वाचली की समुद्र कोणाचा झाला हे कळते.

बहादूरशहाला या तहाचा फायदा मिळाला नाही. १५३७ मध्ये दीवजवळ पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत तो समुद्रात मारला गेला. पोर्तुगीज मात्र पसरत गेले. १५५६ मध्ये त्यांनी मनोर आणि आशेरीगड घेतला, १५५९ मध्ये दमण घेतले. पंचवीस वर्षांत वसई ते दमण असा, समुद्राला लागून असलेला अरुंद पट्टा त्यांचा झाला. त्याला ते ‘उत्तर प्रांत’ म्हणत, कारण मोजणी गोव्यापासून होत होती.

३. तीन पिढ्यांचे गाव

मुलूख मिळाला, पण तो सांभाळायचा कसा? पोर्तुगिजांनी यासाठी जी व्यवस्था लावली ती समजून घेतल्याशिवाय किल्ल्यांचे कोडे सुटत नाही.

घोलवडच्या चिकूच्या वाडीचे उदाहरण घेऊ. मालक मुंबईला राहतो, त्याला झाडांची देखभाल, पाणी, राखण, तोडणी यांपैकी काहीच जमत नाही. तो वाडी खंडाने देतो. वर्षाला ठरलेली रक्कम घेतो आणि बाकीची काळजी खंडकऱ्यावर सोडतो. पीक चांगले आले तर खंडकऱ्याचा फायदा, वादळाने फळ गळाले तर त्याचा तोटा. राखणदारही त्यानेच ठेवायचा.

लिस्बनच्या राजाने गावांच्या बाबतीत हेच केले. एक गाव किंवा काही गावे तो एखाद्या पोर्तुगीज सरदाराला, निवृत्त सैनिकाला किंवा लढाईत मेलेल्याच्या विधवेला तोडून देई. देणगी साधारणपणे तीन पिढ्यांसाठी असे: घेणारा, त्याचा वारस आणि वारसाचा वारस. त्यानंतर गाव सरकारजमा व्हायचे किंवा नव्याने मागून घ्यायचे. अशा जमिनीला ‘प्राझो’ म्हणत आणि वर्षाला सरकारात भरायच्या ठरीव रकमेला ‘फोरो’. लिस्बनहून पाठवलेल्या अनाथ मुलींना हुंडा म्हणून गावे दिली जात, म्हणजे त्यांच्याशी लग्न करणारा पोर्तुगीज इथेच मुळे धरून राहील.

फोरोशिवाय दोन अटी असत. जमीनधारकाने लढाईच्या कामाचा घोडा बाळगायचा आणि बोलावणे आले की हजर व्हायचे. आणि त्याने वसईच्या कोटात घर करून राहायचे. म्हणजे गाव त्याचे, पण माणूस शहरात, राजाच्या हाताशी.

हिशेब कसा चाले ते एका कल्पित गावावरून पाहू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. गावात १०० मुडे (मुडा हे भाताचे जुने माप) भात पिकते. त्यातले ४० मुडे जमीनधारक कुळांकडून घेतो आणि १० मुड्यांच्या किमतीचा फोरो सरकारात भरतो. ३० त्याचे राहतात. तीस वर्षांनी खारजमिनीला बांध घालून गावाची लागवड वाढली आणि वसूल ६० मुड्यांवर गेला. फोरो तोच, १०. नातवाला ५० मुडे मिळू लागले. आता उलटे पाहा. डोंगरातून टोळी आली, खळी लुटून गेली, वसूल १५ वर आला. तरीही १० भरायचे आहेत आणि घोडाही पोसायचा आहे. अशा वेळी जमीनधारक काय करेल? एकतर कुळांवरचा बोजा वाढवेल, किंवा खळे वाचवायला स्वतःच्या खर्चाने भिंत उभारून तिच्यावर दोन-चार बंदूकधारी बसवेल. बहुतेकांनी दोन्ही केले.

किल्ल्यांचे उत्तर इथे मिळते. किनाऱ्यावरचे मुख्य कोट सरकारी होते, पण त्यांच्या अधूनमधून दिसणाऱ्या लहान गढ्या आणि बुरूज हे मुख्यतः या व्यवस्थेचे अपत्य आहे. राजाच्या तिजोरीतून फार थोडे गेले. भात गावचे, मजुरी गावची, चिंता जमीनधारकाची. अर्नाळ्याबद्दलही असेच सांगतात की वसईच्या कप्तानाने ते बेट एका सरदाराला दिले आणि तिथला जुना कोट पाडून नवा बांधायला त्यानेच सुरुवात केली.

ही गावे कोणाकोणाच्या हाती गेली याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईचे आहे. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे होते. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि युरोपभर वाचला गेला. आज ज्या शहरातली एक खोली घ्यायला माणूस आयुष्य घालवतो ते सगळे एका वैद्याने खंडाने घेतले होते. त्याच १५५४ साली सिमांव बोतेल्यू या अधिकाऱ्याने पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाची मोठी नोंदवही तयार केली. वसईच्या मुलखातली गावे आणि त्यांचे वसूल तिच्यात आहेत. इथल्या जुन्या परगण्यांची मोडतोड पोर्तुगिजांनी केली नाही. सुलतानाच्या अमलात जी वसुलीची घडी होती तिच्यावरच आपला माणूस आणून बसवला.

४. व्हेनिसने हे आधी केले होते

ही युक्ती पोर्तुगिजांनी पहिल्यांदा काढलेली नाही. तिचा जुना आणि अधिक नाट्यमय प्रयोग सव्वातीनशे वर्षे आधी ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात झाला होता. वैतरणेच्या काठी उभे राहून ती गोष्ट वाचली तर आपल्या किनाऱ्याचा इतिहास एकटा राहत नाही.

व्हेनिस हे इटलीतले खाडीवर वसलेले व्यापारी शहर. १२०१ मध्ये जेरुसलेम घ्यायला निघालेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी व्हेनिसशी जहाजांचा करार केला. ४,५०० सरदार, ९,००० त्यांचे शिलेदार आणि २०,००० पायदळ, म्हणजे एकूण ३३,५०० माणसे न्यायची. मोबदला ८५,००० मार्क चांदी. व्हेनिसने इतर धंदा बाजूला ठेवून जहाजे बांधली. प्रत्यक्षात ठरल्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच लोक आले. आलेल्यांनी खिसे रिकामे केले तरी सुमारे ३४,००० मार्क कमी पडले.

कर्ज फेडायला त्यांनी आधी व्हेनिससाठी झारा हे ख्रिस्ती शहर जिंकून दिले. मग गादीच्या भांडणात ओढले जाऊन ही मोहीम कॉन्स्टँटिनोपलला पोचली आणि एप्रिल १२०४ मध्ये पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्याची ती राजधानी ख्रिस्ती सैन्यानेच लुटली. जेरुसलेम राहिले बाजूला. व्हेनिसचा मुख्य, ज्याला डोज म्हणत, तो वृद्ध आणि दृष्टी गेलेला एन्रिको दांदोलो या सगळ्यात पुढे होता.

मग साम्राज्याची वाटणी झाली. एक चतुर्थांश नव्या बादशहाला. उरलेल्या तीन चतुर्थांशाचे दोन समान भाग: अर्धा धर्मयोद्ध्यांना, अर्धा व्हेनिसला. म्हणजे व्हेनिसचा वाटा आठात तीन. पण ही वाटणी कागदावर होती. बेटांवर जाऊन ती घ्यायची होती आणि शेकडो बेटे सांभाळायला व्हेनिसकडे माणसे नव्हती.

व्हेनिसने क्रीटसारखे मोठे बेट स्वतःकडे ठेवले आणि लहान बेटे ज्याला जमेल त्या नागरिकाने स्वतःच्या खर्चाने जिंकावीत अशी मुभा दिली. दांदोलोचा भाचा मार्को सानुदो १२०७ च्या सुमारास जहाजे घेऊन निघाला, त्याने नाक्सोस जिंकले आणि आजूबाजूची बेटे मिळवून ‘द्वीपसमूहाची डची’ स्थापन केली. नाक्सोस त्याने ५६ जहागिरींत वाटले असे सांगतात. गिझी भावांना तिनोस आणि मिकोनोस मिळाले. ज्याची जहागीर त्याचा बुरूज. नाक्सोसच्या खेड्यांत उंच दगडी गढ्या अजून उभ्या आहेत.

क्रीटमध्ये तर साम्य इतके जवळचे आहे की मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थक्क झालो. १२११ पासून व्हेनिसहून वसाहतवाले आणून त्यांना जमिनी दिल्या गेल्या. अट काय? लढाईचा घोडा आणि शिलेदार बाळगायचे, आणि कांदिया या राजधानीत घर करायचे. वसईच्या अटींशी ताडून पाहा. व्हेनिस आणि लिस्बन यांच्यात करार नव्हता, काळ वेगळा होता, पण अडचण एकच होती: जहाजे भरपूर, माणसे थोडी, तिजोरी दूर. त्या अडचणीवर दोघांनाही एकच तोडगा सुचला.

फरकही आहे. एजियनमध्ये जिंकणारा खासगी माणूस होता आणि शहराची परवानगी मागाहून येई. इथे मुलूख आधी तहाने राजाचा झाला आणि मग वाटला गेला. त्यामुळे वसईचा जमीनधारक कितीही माजला तरी सानुदोसारखा राजा होऊ शकला नाही.

५. डोंगराकडे तोंड केलेला किल्ला

समुद्रावर पोर्तुगिजांना फार काळ तोड नव्हती. त्यांची खरी भीती पूर्वेकडून होती. किनाऱ्याचा पट्टा अरुंद, आणि तो संपला की लगेच जंगल आणि डोंगर. तिथे जव्हारचे कोळी राजे होते, आणखी वर रामनगरचे. पावसाळा संपून भात खळ्यावर आले की डोंगरातून टोळ्या उतरत.

आशेरीगड म्हणूनच महत्त्वाचा. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर मनोरच्या पुढे खडकोणा गावाहून तो चढता येतो. वरून किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटा आणि सागाची जंगले नजरेत राहतात. माथ्यावर मुकुट कोरलेले पोर्तुगीज राजचिन्ह अजून आहे. हा किल्ला समुद्र राखत नव्हता, लाकूड आणि भात राखत होता.

एवढे करूनही भागले नाही. दमणकडच्या गावांवर धाड पडू नये म्हणून पोर्तुगीज रामनगरच्या राजाला उत्पन्नाचा चौथा हिस्सा देत. हीच ती चौथ. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजांनी जव्हार आणि रामनगर घेतले आणि त्यानंतर महाराजांनी पोर्तुगिजांकडे ही चौथ मागितली. मागणीचा आधार सरळ होता: रामनगरचा राजा जे घेत होता ते आता रामनगर जिंकणाऱ्याचे. समुद्रावर परवान्याशिवाय जहाज जाऊ न देणारी सत्ता आपल्याच भातासाठी डोंगराला खंडणी देत होती, हे विसरता कामा नये.

सतराव्या शतकात समुद्रही हातातून सुटू लागला. डचांनी एकेक ठाणे घेतले. मुंबई १६६१ च्या लग्नकरारात इंग्रजांकडे गेली. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईच्या कोटाबाहेर उतरून चर्च लुटली आणि कोटातले लोक भिंतीआड बसून राहिले. तीन पिढ्यांच्या व्यवस्थेत वाढलेल्या नातवंडांच्या दारात घोडा होता की नाही कोण जाणे, लढण्याची सवय मात्र उरली नव्हती.

६. भात पिकवणारे कुठे होते?

आतापर्यंत राजा, जमीनधारक आणि टोळ्या यांचीच गोष्ट झाली. गावात राहणारे वाडवळ, आगरी, कोळी, मांगेले, कुणबी आणि जंगलाकडचे वारली यांच्या वाट्याला काय आले?

जमीनधारक शहरात, वसूल करणारा त्याचा कारभारी, आणि गावचे जुने वतनदार या दोघांच्या कात्रीत. सुलतानाच्या अमलातही कर होता, पण गावचा पाटील, देशमुख, देसाई यांना मान आणि हक्क होते. ते झपाट्याने आटले. त्यात धर्माची सक्ती आली. फ्रान्सिस्कन साधू तहानंतर लगेचच वसईत आले, जेझुइट १५४८ च्या सुमारास. देवळे पाडली गेली. निर्मळ आणि तुंगारेश्वरसारख्या तीर्थांची यातून सुटका झाली नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म तपासणारे न्यायालय, बसले आणि त्याची दहशत उत्तरेपर्यंत पोचली. हिंदूंच्या उघड सण-समारंभांवर बंधने आली. कित्येक कुटुंबांनी खाडी ओलांडून कल्याण-भिवंडीकडे घर हलवले.

या जुलमाची बाजू सौम्य करून सांगणारे लोक भेटतात. ‘त्यांनी बागायत वाढवली, शाळा काढल्या’ असे म्हणतात. बागायत वाढली हे खरेच आहे. पण ज्याच्या गावातले देऊळ पडले आणि ज्याचे वतन गेले त्याला केळीच्या बागेने भरपाई मिळत नाही, आणि पुढे जे घडले ते याच माणसांनी घडवले.

७. तक्रार घेऊन गेलेली माणसे

भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षे मराठ्यांकडे एकच गाऱ्हाणे घेऊन जात राहिले: हा मुलूख सोडवा. त्यांच्याकडे वाटा होत्या, खाड्यांची माहिती होती आणि आतल्या लोकांशी संबंध होते. पुण्याहून फौज आली तेव्हा तिला वाटाड्या शोधावा लागला नाही.

मार्च १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली. ठाणे पडले आणि साष्टी हातातून गेली. मराठ्यांचे सरदार शंकराजीपंत यांनी वैतरणेच्या मुखावरचा अर्नाळा घेतला. पोर्तुगिजांचा अर्धवट कोट मराठ्यांनी नव्याने बांधला. बाजीराव पेशव्यांचे नाव असलेला शिलालेख दरवाजावर आजही वाचता येतो. जवळच किनाऱ्यावर मराठ्यांनी भवानगड उभारला. वसईची उत्तरेकडून येणारी रसद तोडायची होती.

माहीम, केळवे आणि तारापूर मात्र पहिल्या फेरीत हाती आले नाहीत. १७३८ च्या अखेरीस बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा स्वतः उतरले आणि जानेवारी १७३९ या एका महिन्यात माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू ही माळ ओघळली. लहान किल्ल्यांची दुबळी बाजू इथे उघडी पडली. प्रत्येक कोट आपापले गाव राखायला बांधलेला होता. टोळीला रोखायला तो पुरेसा होता, पण तोफा आणि शिड्या घेऊन आलेल्या फौजेपुढे शेजारचा कोट मदतीला येऊ शकत नव्हता.

तरी तारापूर सहज मिळाले नाही. तिथले पोर्तुगीज निकराने लढले. बाजीरावांचे जिवलग बाजी भिवराव रेठरेकर तारापूरच्या तटाखाली गोळी लागून पडले. आज बोईसरहून अणुवीज केंद्राकडे जाताना तारापूरच्या किल्ल्याकडे कोणी वळत नाही. वळावे. पुढे पेशव्यांनी हा किल्ला तारापूरचे पारशी व्यापारी विकाजी मेहेरजी यांना इनाम दिला. दरवाजाच्या भिंती पाहताना हे ध्यानात असू द्या की इथे दोन्ही बाजूंची माणसे जीव तोडून लढली आहेत.

वसईचा वेढा फेब्रुवारीच्या मध्यापासून तीन महिने चालला. तटाखाली सुरुंग पेरून बुरूज उडवला, मराठ्यांची हजारो माणसे कामी आली. १६ मे १७३९ रोजी शरणागतीचा करार झाला आणि पोर्तुगिजांना आपली कुटुंबे आणि सामान घेऊन सन्मानाने निघून जाऊ दिले. चिमाजी अप्पांनी नवस फेडला तो वज्रेश्वरीचे देऊळ बांधून. वसईच्या चर्चमधल्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीला, भीमाशंकरला गेल्या.

आता एजियनकडे पुन्हा एकदा वळू. नाक्सोसची डची तीनशे साठ वर्षे टिकली. तिचा शेवट १५६६ मध्ये झाला तो कसा? बेटावरच्या ग्रीक रयतेने आपल्या लॅटिन ड्यूकविरुद्ध इस्तंबूलच्या सुलतानाकडे तक्रार नेली. ड्यूकला हटवले गेले आणि सुलतानाच्या आरमाराने येऊन बेट घेतले. क्रीटमध्ये तर १३६३ मध्ये खुद्द व्हेनिसच्या वसाहतवाल्यांनीच जास्तीच्या कराला कंटाळून बंड केले होते. व्हेनिसच्या हातून क्रीट जायला मात्र १६६९ उजाडले. अंजूरचे नाईक आणि नाक्सोसचे ग्रीक यांची भेट होणे शक्य नव्हते. तरी दोघांनी एकच गोष्ट केली, आणि माझ्या मते त्याचे कारणही एकच आहे. गाव खंडाने दिले की राज्याचा खर्च वाचतो, पण गावात राज्याचे कोणी उरत नाही.

८. जे गेले नाहीत

पोर्तुगीज जमीनधारक दमणला, गोव्याला निघून गेले. दमण १९६१ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. याच प्राझोची पद्धत आफ्रिकेत झांबेझी नदीच्या खोऱ्यात विसाव्या शतकापर्यंत चालली.

वसईचे ख्रिस्ती मात्र कुठे गेले नाहीत, कारण ते कुठून आलेच नव्हते. ते इथलेच सामवेदी, वाडवळ, कोळी शेतकरी आणि मच्छीमार होते. सक्तीने असो वा इच्छेने, पूर्वजांनी स्वीकारलेला धर्म त्यांनी सत्ता गेल्यावरही सोडला नाही, आणि बोलीही सोडली नाही. तिनोस आणि सिरोस बेटांवर ग्रीक बोलणारे कॅथलिक आजही राहतात, तसेच हे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत क्रुसावर चढवले गेले आणि १८६२ मध्ये संत ठरले. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या साली, उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गोव्याहून येणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे, याच भूमीतले, हे सांगण्यासाठी.

त्यांना पोर्तुगिजांचे वारस म्हणणे ही इतिहासाची चूक आहे आणि शेजाऱ्यांवर अन्यायही. त्यांच्या पूर्वजांनीही त्याच जमीनधारकाच्या खळ्यावर भात मोजून दिले होते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसई तालुक्यातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी संपूर्ण बायबल सुबोध मराठीत आणले.